पाणथळीच्या वाट्याला

लेसोथोच्या त्या डोंगरात ऊन उत्तर उतारावर पडतं
आणि दक्षिणेकडचा उतार दुपारीही गारठलेला असतो.
मामोकेते बाईंनी पहिल्याच दिवशी
नकाशावर बोट फिरवून
एका डोंगराचे चार डोंगर केले:
उन्हाचा, सावलीचा,
गुरांच्या गोठणीभोवतीचा तुडवलेला,
आणि खाली, नखाएवढी, पाणथळ.
"सरमिसळ नको," म्हणाल्या,
"मका आणि खडे एकाच मापात मोजलेत
तर सरासरीवर दात पडतात."

चाळीस चौकटी टाकायच्या.
ज्याची जमीन जेवढी, त्याला तेवढ्या.
सतरा, बारा, दहा.
पाणथळीला एक.

सेकाके मेंढरांमागून वर आला.
गमबूट, खांद्याशी पिनेने अडकवलेलं ब्लँकेट.
वय विचारलं तर मेंढरांकडे बघत राहिला.
पाइपाच्या चौकटीत वाकून डोकावला,
जणू खाली विहीर आहे.
"एवढ्याशात काय दिसणार?"
मी म्हटलं, चाळीस मिळून दिसेल.
"मग तिथे एकच का?
हिवाळ्यात डोंगर वाळून
म्हाताऱ्या कुत्र्याच्या पाठीसारखा होतो,
तेव्हा ही कुठे तोंड घालतात
ते यांनाच विचार की."

मेंढरांना विचारायला तक्त्यात रकाना नव्हता.

रात्री कंदिलापाशी बाईंनी वाटणी मोडली.
पंधरा, दहा, नऊ,
पाणथळीला सहा.
"लहानाला जास्त विचारायचं,
आणि बेरजेत त्याचं वजन उतरवायचं.
यात खोटं काही नाही.
फक्त उतरवायला विसरायचं नाही."
मी मान हलवली.
आधी पाटावर बसवायचं, मग वाढताना हात आखडायचा,
हे मला अजूनही नीट पचलेलं नाही.

मग नुसते आकडे, आणि आकड्यांमागून आम्ही.
आकड्यांना काटे टोचत नाहीत,
ते कड्याच्या टोकावरही खुशाल उभे राहतात.
चौकट दोन पावलं सरकवावी असं रोज वाटायचं,
तिकडे फुलं होती, इकडे दगड.
"दगड लिही," बाई ओरडायच्या वरून.

तुडवलेल्या भागात जिकडेतिकडे सेहालाहाला,
मेंढरू ज्याला तोंड लावत नाही ते करडं झुडूप.
कुणाला नको, म्हणून उरलं,
उरलं, म्हणून पसरलं.
पाणथळीत गुडघे टेकले
की डोंगर गुडघ्यांतून वर चढायचा, गारेगार.
तिथल्या पहिल्या चौकटीतच
एकोणीस जाती, आणि लेलोएलेचा एक केशरी तुरा
बरोबर पाइपावर. आत की बाहेर?
मूळ आत होतं. आत.

एका बारक्या पानाचं नाव कुणालाच येईना.
सेकाकेला येत होतं.
तो म्हणाला, मी ऐकलं,
माझ्याच भाषेतलं नाव, पण डोंगरावरचं,
त्यात एक असा आवाज होता
जो मासेरूच्या शाळेत कधी फळ्यावर आला नव्हता.
मी लिहिलं: अज्ञात ७.
नंतर विचारून घेऊ म्हटलं.

चाळिसावा आकडा त्याच्या झोपडीत पडला.
दगडांची गोल झोपडी, मधोमध चूल.
आम्ही दारात घुटमळलो.
त्याने काही न बोलता
पापाचं भांडं उचलून बाजूला ठेवलं,
जागा करून दिली.
चौकट राखेवर टेकली, थोडी वाकडी.
जाती: शून्य. आच्छादन: शून्य.
शेरा: राख, ऊब आहे.
"म्हणजे मी आलो का यात?"
बाई पेन्सिलीचं टोक बघत राहिल्या.

आता मासेरूत, पंख्याखाली, मी वजनं उतरवते आहे.
पाणथळ पुन्हा नखाएवढी झाली,
सगळा डोंगर एका ओळीत मावला,
दशांशानंतर दोन घरं.
फक्त अज्ञात ७ तसंच आहे.
मधूनच ओठ हलवून बघते,
आवाज जिभेच्या कडेपर्यंत येतो
आणि तिथून, मेंढरासारखा,
दुसरीकडेच वळतो.